ग्रह येणार म्हणतात. तो केवढा दिसावा?

लातूरच्या एका आडत्यांनी आम्हांस पत्र लिहून एक सरळ प्रश्न केला आहे. त्यांच्या मोबाईलवर एक निरोप आला. त्यात सूर्याशेजारी सूर्याएवढेच दुसरे तेजस्वी बिंब दाखविणारे छायाचित्र असून खाली मजकूर असा की, एक मोठा ग्रह पृथ्वीच्या रोखाने येत आहे, मोठमोठ्या राष्ट्रांची सरकारे ही गोष्ट दडवून ठेवीत आहेत, आणि हल्ली जे भूकंप होतात ते त्याच्याच ओढीने होतात. पत्रकर्ते लिहितात, "मी हे खरे मानीत नाही. पण घरची माणसे विचारतात तेव्हा ते खोटे का, हे मला सांगता येत नाही." हे वाक्य लिहावयास प्रामाणिकपणा लागतो. खरे न मानणारे पुष्कळ असतात. आपण कशावरून मानीत नाही, याची चौकशी करणारे थोडे.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने ही अफवा असल्याचे अनेकदा सांगितले आहे, एवढे उत्तर देऊन आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु ज्या फिर्यादीचा सारा पाया 'साक्षीदार फितलेले आहेत' हाच आहे, तिच्यापुढे त्याच साक्षीदारांची जबानी वाचून काय उपयोग? आमच्या वकिलीच्या धंद्यात असा प्रसंग आला म्हणजे साक्षीदार बाजूस ठेवून मूळ वस्तूच कोर्टासमोर आणावी लागते. येथे ती वस्तू म्हणजे आकाश होय. आणि ते नांदेडच्या घाटावरून व लातूरच्या गच्चीवरून सारखेच उघडे आहे.

या प्रश्नाची थट्टा करावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाची रात्र संपत असता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली, आणि औसा व उमरगा तालुक्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जवळजवळ दहा हजार माणसे मेली. ज्या घरांत त्या पहाटेची आठवण अद्याप निघते, त्या घरांत 'ग्रहाच्या ओढीने भूकंप' हे शब्द पोहोचले म्हणजे काय होते, हे मुंबई-पुण्याच्या माणसास कळावयाचे नाही. पुढे 21 मार्च 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. तो नांदेडातही जाणवला व लोक रस्त्यावर आले. अशा भूमीत अफवेस पेरणी करावी लागत नाही.

या ग्रहाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. 1976 मध्ये झेकारिया सिचिन या ग्रंथकाराने प्राचीन बाबिलोनी लेखांचा स्वतःच्या कल्पनेप्रमाणे अर्थ लावून निबिरू नावाचा, 3,600 वर्षांत एक प्रदक्षिणा करणारा ग्रह सांगितला. 1995 पासून अमेरिकेतील एका बाईंनी, आपणांस परग्रहवासीयांकडून निरोप येतात असे सांगून, अशाच एका ग्रहाच्या आगमनाची वार्ता पसरविली. तीत तारीख पडली मे 2003 ची. ती गेली. मग हाच ग्रह 21 डिसेंबर 2012 च्या प्रलयास जोडण्यात आला. तोही दिवस गेला. पुढे 23 सप्टेंबर 2017 ही तारीख निघाली. आमच्या व्यापारी वाचकांस हा प्रकार ओळखीचा वाटेल: मुदत भरताच हुंडी परत फिरवावयाची, आणि त्याच कुळाच्या नावाने नवी लिहावयाची. फरक इतकाच की, बाजारात अशा हुंड्या तिसऱ्या वेळी कोणी घेत नाही.

आता बिंबाचा हिशेब. एखादी वस्तू केवढी 'दिसते' हे कोनाने मोजतात. वर्तुळाचे अंश 360, प्रत्येक अंशाच्या कला 60. म्हणून पुऱ्या वर्तुळाच्या कला 21,600. ज्या वर्तुळाचा परिघ 21,600 त्याची त्रिज्या 3,438 येते. ही संख्या परकी नव्हे; आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास आपल्या ज्या-कोष्टकास हीच त्रिज्या घेतली. तीवरून नियम निघतो तो त्रैराशिक जाणणाऱ्या कोणासही पेलेल असा आहे: वस्तूचा व्यास 3,438 ने गुणावा, अंतराने भागावे; जे येईल त्या तिच्या बिंबाच्या कला. चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर, सरासरी अंतर 3,84,400 किलोमीटर. बिंब आले 31 कलांचे, म्हणजे अर्ध्या अंशाचे. सूर्याचा व्यास 13,92,000 किलोमीटर, अंतर 14 कोटी 96 लक्ष. बिंब 32 कलांचे. अर्धा अंश म्हणजे केवढा, हे लातूरकरांस सांगणे सोपे आहे. तुरीचा साडेपाच मिलिमीटरांचा एक दाणा चिमटीत धरून हात पुरता लांब करावा, म्हणजे डोळ्यापासून सुमारे 60 सेंटिमीटर. तो दाणा चंद्र जवळजवळ नेमका झाकतो. ज्यांस चंद्र परातीएवढा वाटतो त्यांनी हा प्रयोग आजच करून पाहावा. आमच्या घरी झाला तेव्हा मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांसच अधिक आश्चर्य वाटले.

परंतु केवळ बिंब पाहून अंतर कळत नाही, ही गोष्ट येथेच लक्षात घेतली पाहिजे. चंद्र व सूर्य यांची बिंबे सारखी, पण सूर्य चंद्राहून सुमारे 390 पट लांब. या ठिकाणी आपल्या पूर्वजांचे यश आणि अपयश दोन्ही उघड सांगणे आम्हांस इष्ट वाटते. सूर्यसिद्धांतात चंद्राचा व्यास 480 योजने व कक्षेचा परिघ 3,24,000 योजने दिला आहे. परिघास 21,600 ने भागिता एका कलेस 15 योजने पडतात, आणि 480 योजनांचे बिंब 32 कलांचे येते. पृथ्वीचा व्यास त्याच ग्रंथात 1,600 योजने आहे; त्यावरून चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे साडेचौसष्टपट निघते, आणि आजचे मान सुमारे 60 पट आहे. उघड्या डोळ्यांनी मोजणाऱ्यांची ही कामगिरी लहान नव्हे. तोच ग्रंथ सूर्याचा व्यास 6,500 योजने व कक्षा 43,31,500 योजने देतो. बिंबाचा हिशेब करा, पुन्हा साडेबत्तीस कलांच्या आतबाहेर, म्हणजे अगदी बरोबर! पण अंतर? ते चंद्राच्या केवळ सव्वातेरापट येते. वास्तविक ते 390 पटींजवळ आहे. बिंब अचूक असूनही अंतर तीसपट चुकले. सूर्याचे लंबन मोजणे त्या काळच्या साधनांस शक्य नव्हते, हे त्याचे कारण. पूर्वजांचा अभिमान धरणाऱ्याने हे दोन्ही आकडे एकाच दमात सांगावेत.

दिशा आणि अंतर यांचा हाच घोटाळा 1962 च्या फेब्रुवारीत साऱ्या देशाने केला. 3 ते 5 फेब्रुवारीच्या दरम्यान सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी मकरेत आले, आठवा केतू धरला गेला, आणि अष्टग्रहीच्या भयाने ठिकठिकाणी यज्ञ पेटले. एका राशीत असणे म्हणजे एका बाजूस दिसणे, इतकेच. त्या 'जमलेल्या' मंडळीपैकी शनी चंद्रापेक्षा चार हजारपटींहून अधिक लांब होता. रेल्वेच्या रुळांशी उभे राहून पाहिले तर जवळचा खांब आणि क्षितिजावरची टेकडीही एकाच ओळीत येतात. म्हणून ती एकमेकांस भिडली असे कोणी म्हणत नाही.

मग अंतर कसे काढावे? दोन ठिकाणांहून पाहावे. एक डोळा मिटून अंगठ्याकडे पाहिले आणि मग दुसरा मिटला तर अंगठा सरकल्यासारखा दिसतो. त्या सरकण्यासच लंबन म्हणतात. येथे आमच्या दोन शहरांचा मोठा उपयोग आहे. नांदेड व लातूर यांमधील सरळ अंतर सुमारे 115 किलोमीटर. तोच नियम लावा: 115 गुणिले 3,438, भागिले 3,84,400; उत्तर येते सुमारे एक कला. म्हणजे एकाच क्षणी नांदेडाहून व लातुराहून चंद्राचे छायाचित्र घेतले, चंद्र या दोन गावांस जोडणाऱ्या रेषेच्या साधारण आडव्या दिशेस असला आणि शेजारी एखादा ठळक तारा असला, तर दोन चित्रांत चंद्र ताऱ्याच्या संबंधाने एक कला, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या एकतिसाव्या भागाइतका, सरकलेला दिसेल. साध्या कॅमेऱ्यास बरे भिंग असले तर हे मोजता येते. येणारा ग्रह चंद्राइतका जवळ असेल तर त्याचेही तेवढेच सरकणे दिसले पाहिजे. दहा लक्ष किलोमीटरांवर असेल तर 24 विकलांचे. आणि जर काहीच सरकले नाही, तर तो पुष्कळ लांब आहे, इतके तरी दोन मित्रांस एका टेलिफोनवर सिद्ध करता येते. वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही.

आता त्या छायाचित्राची उलटतपासणी करू. निरोप म्हणतो, ग्रह सूर्याएवढा दिसू लागला आहे. बरे; तो पृथ्वीएवढा, म्हणजे 12,742 किलोमीटर व्यासाचा, धरू. 32 कलांचे बिंब दिसावयास तो 13 लक्ष 70 हजार किलोमीटरांच्या आत हवा. 3,600 वर्षांच्या लांबट कक्षेतून सूर्याकडे येणारी वस्तू पृथ्वीच्या कक्षेपाशी येईतो सेकंदास सुमारे 42 किलोमीटर वेगाने धावत असते. दिवसास 36 लक्ष किलोमीटर. तेव्हा ज्या क्षणी ते छायाचित्र घेतले, त्या क्षणी ग्रह पोहोचावयास नऊ तास उरले होते! पृथ्वीची स्वतःची सेकंदास 30 किलोमीटरांची गती तीत मिळविली वा वजा केली तर नवाचे पाच-सहा तास होतील किंवा सव्वा दिवस होईल. ग्रह गुरूएवढा प्रचंड धरला तरी मुदत चार दिवसांच्या आसपास येते. आणि असले निरोप महिनेच्या महिने फिरत असतात. पत्रकर्त्यांनी घरच्या मंडळीस एवढाच हिशेब दाखवावा.

खरोखरच असा पाहुणा येऊ लागला तर त्याचे येणे कसे दिसेल, हेही आधी सांगता येते. उघड्या डोळ्यास एका कलेहून लहान बिंब ठिपक्यासारखे दिसते. म्हणून पृथ्वीएवढा ग्रह 4 कोटी 38 लक्ष किलोमीटरांच्या आत आल्यावरच, म्हणजे वरील वेगाने शेवटच्या बारा दिवसांत, तबकडीचे रूप घेऊ लागेल. पण तारा म्हणून तो त्याच्या कितीतरी आधी दिसला पाहिजे. ग्रहास प्रकाश सूर्याचा. तो अर्ध्या अंतरावर आला की त्याच्यावर पडणारा प्रकाश चौपट, आणि तेथून आपल्याकडे येणाराही चौपट. एकूण तेज सुमारे सोळापट. या मानाने पाहता, पृथ्वीच्या कक्षेपाशी येण्याच्या बारा वर्षे आधी तो नेपच्यूनच्या अंतरावर असला पाहिजे, दोन वर्षांहून थोडे आधी शनीच्या, आणि दहा महिने आधी गुरूच्या. शनीच्या अंतरावर तो साध्या दुर्बिणीच्या सहज टप्प्यात येतो; गुरूच्या अंतरावर आला की शेतात पाण्याची पाळी देणाऱ्या शेतकऱ्यासही नवा तारा म्हणून दिसतो. 21 डिसेंबर 2012 च्या ग्रहाने 2012 च्या फेब्रुवारीअखेरीपासून आकाशात राहावयास हवे होते. तो सूर्याआड दडला होता ही सबब चालत नाही. पृथ्वी फिरत असल्याने सूर्य दरमहा एक रास पुढे सरकतो, आणि आज त्याच्या आड असलेली वस्तू चार-सहा महिन्यांत मध्यरात्रीच्या आकाशात उघडी पडते.

व्यापाऱ्यांस आवडेल असा एक नियम आणखी आहे, व त्यास ना ग्रहाचा व्यास लागतो ना वेग. सरळ आपल्याकडे एकाच वेगाने येणाऱ्या वस्तूचे बिंब दुप्पट व्हावयास जितके दिवस लागले, तितकेच दिवस तिच्या पोहोचण्यास उरलेले असतात. कारण बिंब दुप्पट झाले याचा अर्थ अंतर निम्मे झाले. महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत जे बिंब तेवढ्यास तेवढेच आहे, ते येत नाही.

राहता राहिली ओढ. भरती आणणारी जी ताण देणारी शक्ती, ती वस्तूच्या वजनाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. वजन हे व्यासाच्या घनावर व घनतेवर अवलंबून. म्हणून गणित सुटसुटीत होऊन असे उरते की, ताण हा बिंबाच्या कलांच्या घनास घनतेने गुणून येतो. म्हणजे जे लहान दिसते त्याचा ताणही लहान, मग ते जवळचे छोटे असो वा लांबचे मोठे. याचा पडताळा सूर्याने मिळतो: बिंब चंद्राएवढेच, घनता चंद्राच्या निम्म्याहून कमी, आणि सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमीच असते. आता 'न दिसणाऱ्या' ग्रहाचे पाहा. त्याचे बिंब एका कलेहून लहान असलेच पाहिजे. चंद्राची घनता धरली तर त्याचा ताण चंद्राच्या ताणाच्या 31 च्या घनाने भागलेला, म्हणजे तीस हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. गुरू अगदी जवळ असतानाही त्याचा ताण चंद्राच्या लाखाव्या हिश्श्यास पोहोचत नाही. चंद्र किल्लारीवरून रोज जातो. तेव्हा त्याच्या तीस हजाराव्या हिश्श्याच्या ओढीने जमीन फाटते असे म्हणणाऱ्याने आधी चंद्राचा हिशेब द्यावा. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाशी भिडतो, त्याचा ताण द्वीपकल्पाच्या पोटातील जुन्या भेगांवर साचतो, आणि तो मोकळा झाला म्हणजे भूकंप होतो. मारतात मात्र पडणाऱ्या भिंती. पुढच्या धक्क्यास तोंड द्यावयाचे तर पाहावयाचे ते भिंतीच्या बांधणीकडे.

ते दुसरे बिंब मग आहे काय? बहुधा भिंगातील परावर्तन. सूर्यासमोर कॅमेरा धरला की आतल्या काचांवरून उजेड परतून खोटे बिंब उमटते. फोन किंचित वळवावा. खरी वस्तू सूर्यापासून त्याच अंतरावर राहते, हे बिंब सूर्याच्या उलट दिशेने पळते. कधी उंच ढगांतील हिमकणांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंस तेजस्वी डाग पडतात, ते 22 अंशांवर असतात. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी टक लावू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

दरवर्षी ऑगस्टात फिरणारा मंगळाचा निरोप याच जातीचा, पण त्याचा उगम निरपराध आहे. 27 ऑगस्ट 2003 रोजी मंगळ 5 कोटी 58 लक्ष किलोमीटरांवर आला. हजारो वर्षांत इतका जवळ आला नव्हता. त्याचे बिंब 25 विकलांचे होते. 75 पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून तो उघड्या डोळ्यांच्या पौर्णचंद्राएवढा दिसेल, असे कोणी लिहिले, आणि ते खरेच होते, गुणून पाहावे. नकला होता होता दुर्बीण गळाली आणि चंद्राएवढा मंगळ उरला. दस्तातून एक शब्द वगळला तर शेत कोणाचे कोणास जाते, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो.

सारे दडविले जाते या आरोपाबद्दल. आमचा हा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानात 1948 पर्यंत होता, तेथे 1901 मध्ये नवाब जफर जंग यांनी स्थापिलेल्या निजामिया वेधशाळेने आकाशाच्या एका पट्ट्याची छायाचित्रे घेऊन सात लाखांवर ताऱ्यांची जागा मोजून छापली. साऱ्या जगातील वेधशाळांनी आकाश असे वाटून घेतले होते. निजामाच्या राज्याविषयी आमचे मत वाचकांस ठाऊक आहे. पण हे काम उत्तम झाले. त्यानंतर उष्णतेच्या किरणांनी आकाश पाहणाऱ्या वाइज या उपग्रहाच्या वेधांवरून 2014 मध्ये असे प्रसिद्ध झाले की, सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या 10,000 पटींपर्यंत शनीएवढा कोणताही अज्ञात ग्रह नाही. याशिवाय जगभर हौशी निरीक्षक रोज रात्री दुर्बिणी लावून बसतात, आणि नवी वस्तू प्रथम आपणांस दिसली असे म्हणण्याची प्रत्येकास घाई असते. त्या सर्वांस गप्प बसविणारे सरकार आम्ही तरी पाहिले नाही.

अज्ञात ग्रह सांगावयाचा तो कसा, हे पाहावयाचे तर व्यंकटेश बापूजी केतकरांकडे पाहावे. पेशाने शिक्षक, ज्योतिर्गणिताचे कर्ते. 1911 मध्ये त्यांनी फ्रान्सच्या ज्योतिष-संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडिले, त्यांस ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली, आणि ब्रह्म्याचे अंतर पृथ्वीच्या 38.95 पट व प्रदक्षिणाकाळ 242.28 वर्षे असा आकडा लिहून दिला. 1930 मध्ये प्लूटो सापडला. अंतर साडेएकोणचाळीसपट, काळ 248 वर्षे. आकडे जवळ आले, नेपच्यूनशी प्रमाण प्रत्यक्षात 2 व 3 चे निघाले. आणि विष्णू आजवर सापडला नाही. हे सर्व आम्हांस म्हणता येते, कारण केतकरांनी तपासता येईल असा आकडा छापून स्वतःचे नाव खाली घातले. निबिरूच्या निरोपाखाली नाव नसते.

आमची एक सूचना आहे. नांदेडास 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि लातुरास त्याचे उपकेंद्र आहे. दोन्हीकडे भौतिकशास्त्र शिकविणारे अध्यापक आहेत, कॅमेरे तर घरोघर आहेत. शुक्ल पंचमी-षष्ठीच्या सुमारास चंद्र एखाद्या ठळक ताऱ्याशेजारी येईल ती रात्र निवडून, घड्याळे जुळवून, रात्री आठ वाजता दोन्ही शहरांतून एकाच क्षणी चित्रे घ्यावीत. ज्यांकडून ती आमच्याकडे येतील, त्यांची चित्रे शेजारी शेजारी छापून खाली पूर्ण हिशेब देण्याचे आम्ही पत्करितो. चंद्राचे अंतर किती निघाले, चूक किती राहिली आणि ती कशाने, हेही त्यांत राहील. लातूरच्या पत्रकर्त्यांनी आपली गच्ची देऊ केली आहे. नांदेडाहून कोणी पुढे यावे.